पहिली छर्ऱ्याची बंदूक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शालेय नेमबाजी स्पर्धांची माहिती मागच्या अंकात दिल्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांतील बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत, आणि तो विषय म्हणजे घरातल्या लहान मुलासाठी पहिली एअरगन कोणती घ्यावी. त्यांपैकी चार पत्रे येथे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, आणि मजकूर मुद्द्यापुरता ठेवला आहे.

प्रश्न : आम्ही अंबाजोगाई तालुक्यात मळ्यावर राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांना पदक मिळालेले त्याने पाहिले, तेव्हापासून त्याने बंदुकीचा ध्यास घेतला आहे. येत्या दसऱ्याला शस्त्रपूजनाच्या वेळी त्याच्या हातात स्वतःची एअरगन द्यावी, अशी त्याच्या आजोबांची इच्छा आहे. दुकानदार नळी मोडून (म्हणजे सांध्यापाशी खाली दुमडून) छर्रा भरायची, पूर्ण ताकदीची, दुर्बीण बसवलेली, साडेतीन किलो वजनाची बंदूक सुचवतो आणि म्हणतो की हलकी घेतली तर दोन वर्षांत टाकून द्यावी लागेल, ही मात्र कॉलेजपर्यंत पुरेल. दहा हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. काय घ्यावे?

उत्तर : दुकानदाराने सुचवलेली बंदूक घेऊ नये. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवला तर मुलगा वर्षभर बाह्या दुमडून निभावून नेतो, बंदुकीच्या बाबतीत मात्र तसे निभावता येत नाही, कारण जी बंदूक आज अंगाला मोठी आहे ती मुलगा आज चुकीच्या पद्धतीने धरतो, आणि नऊ-दहा वर्षांच्या वयात अंगवळणी पडलेली चुकीची पकड पुढे प्रशिक्षकालाही मोडून काढता येत नाही.

ताकदीचा मुद्दा आधी निकाली काढू. ऑलिंपिकमधील दहा मीटर एअर रायफल प्रकारात साडेचार मिलिमीटर व्यासाचा, साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा शिशाचा छर्रा सेकंदाला १७० ते १७५ मीटर वेगाने सुटतो, म्हणजे नळीच्या तोंडाशी त्याची ऊर्जा साडेसात-आठ ज्यूलच्या आसपास भरते. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत याच प्रकारात जगज्जेते झाले. आपल्या दुकानदाराची ‘पूर्ण ताकद’ म्हणजे कायद्याने विनापरवाना चालणारी कमाल मर्यादा असणार, आणि ती आहे २० ज्यूल. जगज्जेत्याला जेवढी ऊर्जा पुरते तिच्या दुपटीहून अधिक ऊर्जा चौथी-पाचवीतल्या मुलाला कशासाठी हवी, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही. दहा मीटरवर कागद भेदण्यासाठी ती लागत नाही. तिचा उपयोग एवढाच, की नेम चुकला तर छर्रा अधिक लांब जातो आणि अधिक खोल घुसतो.

शिवाय ही ताकद फुकट येत नाही. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्ऱ्यामागची सगळी हवा एक दट्ट्या दाबतो, त्या दट्ट्याला स्प्रिंग ढकलते, आणि ती स्प्रिंग आधी माणसाने नळी खाली मोडून चढवावी लागते. जोरदार बंदुकीत त्यासाठी वीस किलोच्या आसपास जोर लागतो, हलक्या बंदुकीतही आठ-दहा किलो लागतो. नऊ वर्षांचा मुलगा वीस किलोचा जोर हाताने लावू शकत नाही, म्हणून तो दस्ता मांडीत धरतो, नळीवर ओणवा होतो, अंगाचा भार टाकतो, आणि या सगळ्या खटाटोपात नळीचे तोंड कधी स्वतःच्या हनुवटीकडे, कधी शेजारी उभ्या असलेल्या भावंडाकडे वळते. अर्धवट चढलेली नळी हातून निसटली तर ती झटक्याने वर येते, दस्ता तडकतो, आणि छर्रा भरताना बोट सांध्यात असेल तर बोट जाते. हे टाळण्याचा नियम सोपा आहे : मुलगा किमान बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत स्प्रिंग मोठ्या माणसानेच चढवायची, छर्रा भरून होईपर्यंत दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवायची, आणि मगच बंदूक मुलाच्या हातात द्यायची. प्रत्येक छर्ऱ्यासाठी वडिलांना हाक मारावी लागते अशी मुले कुरकुर करतात, तशी त्यांना करू द्यावी. प्रत्येक छर्रा आपल्या हातून गेलेला असणे या वयात फार चांगले आहे.

स्प्रिंगच्या बंदुकीचा आणखी एक गुण दुकानात सांगितला जात नाही. चाप ओढल्यावर आतला दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी हिसका देते, आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच या हिसक्याला सुरुवात झालेली असते. जोर जितका जास्त तितका हिसका मोठा. म्हणून जोरदार बंदुकीने एका ठिकाणी दहा छर्रे लावणे चांगल्या नेमबाजालाही अवघड जाते, मग मुलाचे छर्रे कागदभर विखुरले तर नवल नाही. आपला नेमच वाईट आहे असे त्याला वाटू लागते, आणि दोन महिन्यांत बंदूक माळ्यावर जाते.

आता मापाविषयी. मुलाला शर्टाच्या बाह्या वर सारून उभे करावे, कोपर काटकोनात दुमडायला सांगावे, आणि कोपराच्या आतल्या घडीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचे अंतर टेपने मोजावे. दस्त्याच्या मागच्या टोकापासून चापापर्यंतची लांबी साधारण तेवढीच हवी. मोठ्या माणसाच्या बंदुकीत ही लांबी चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असते, नऊ वर्षांच्या मुलाला अठ्ठावीस ते तीस पुरते. दस्ता लांब पडला की मुलगा मान पुढे ताणतो, कंबर मागे टाकतो आणि दस्ता खांद्यावर न टेकवता दंडावर टेकवतो. लाकडी दस्ता असेल तर गावातल्या सुताराकडून मागून कापून घेता येतो, आणि कापलेला तुकडा जपून ठेवला तर मूल वाढल्यावर स्क्रूने परत जोडता येतो. वजनाचा माझा स्वतःचा ठोकताळा असा, की बंदूक मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नसावी. आपला मुलगा पंचवीस-सव्वीस किलोचा असेल तर अडीच किलोची बंदूकही त्याला उभ्याने धरायला जडच आहे, म्हणून पहिले वर्षभर त्याने स्टुलावर बसून, पुढे टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, तिच्यावर बंदूक टेकवूनच नेम धरावा. यात कमीपणा नाही. चाप कसा ओढायचा आणि श्वास कुठे थांबवायचा हे मूल टेकू घेऊनच शिकते, हातात थरथर असताना शिकत नाही.

दुर्बीण काढून टाकायला सांगावी. दुर्बिणीतून मुलाला स्वतःच्या हाताची प्रत्येक थरथर दहापट दिसते, लक्ष्य काळ्या ठिपक्यावर आले की तो घाईने चाप हिसकतो, आणि ही सवय पुढे जाता जात नाही. मागची खाच आणि पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा छोटा उंचवटा, एका रेषेत आणून नेम धरण्याची साधी पद्धत, जिला स्पर्धांत ओपन साईट म्हणतात, तीच सुरुवातीला योग्य. शालेय स्पर्धांत या पद्धतीचा स्वतंत्र गट असतो, त्यामुळे ती शिकलेली वाया जात नाही. बारीक भोकातून पाहण्याची पीप साईट नंतर येते.

प्रकारांविषयी थोडक्यात सांगतो. स्टीलच्या गोल गोळ्या उडवणारी बंदूक घरात आणू नये, कारण स्टीलची गोळी कठीण पृष्ठभागावरून जवळजवळ त्याच वेगाने उलटून येते. शिशाचा, चपट्या तोंडाचा छर्रा मऊ असल्याने आदळल्यावर चेपतो आणि कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतो. दाबाने भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी बंदूक हिसका देत नाही आणि चढवायला जोर लागत नाही, म्हणून खेळासाठी ती सर्वोत्तम आहे, पण तिच्यात २०० बारपर्यंत हवा भरण्याची सोय मळ्यावर कोठून आणणार, आणि वाल्थर किंवा फाइनवर्कबाऊसारख्या नामांकित परदेशी बनावटीची किंमत लाखांत जाते. तशी बंदूक प्रशिक्षण केंद्रात असते, मुलाने ती तेथे वापरावी.

कायद्याचे म्हणाल तर शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या एअरगनची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा आणि नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही तिला परवाना लागत नाही. यांपैकी एक मर्यादा जरी ओलांडली तरी परवाना लागतो, त्यामुळे साडेपाच मिलिमीटरची ‘मोठ्या छर्ऱ्याची’ बंदूक कोणी स्वस्तात देऊ केली तर हात जोडावेत. बाजारात स्प्रिंग बदलून ताकद वाढवून देणारे कारागीरही भेटतात, त्यांनाही हात जोडावेत. खरेदी आपल्या नावाने, ओळखपत्र देऊन, पक्क्या पावतीवर करावी, आणि पावतीची प्रत बंदुकीच्या पिशवीतच ठेवावी. कुसाळे यांचा प्रकार पन्नास मीटर थ्री पोझिशनचा, म्हणजे गुडघ्यावर बसून, पोटावर झोपून आणि उभ्याने नेम धरण्याचा आहे, त्यातील रायफल काडतुसाची असते आणि तिला परवाना लागतो, हेही मुलाला सांगून ठेवावे, म्हणजे ‘तशीच पाहिजे’ हा हट्ट लवकर मिटेल.

मळा असल्यामुळे जागेचा प्रश्न नाही असे आपण गृहीत धरले असावे. जागा भरपूर आहे, आणि चुकांनाही तेथेच वाव आहे. कडब्याच्या गंजीला कागद लावून नेम धरायची पद्धत मी खेड्यांत पाहिली आहे, ती कृपा करून करू नये. गंजीत अडकलेले शिसे कुट्टीतून जनावरांच्या पोटात जाते, आणि शिशाची विषबाधा गाय-बैलांना फार लवकर होते. विहिरीचा कठडा, काळ्या दगडाचा बांध आणि पत्र्याची शेड यांवरून छर्रा उलटतो किंवा तिरका उडतो. वाळूने भरलेली पोती दोन थरांत, छातीएवढ्या उंचीपर्यंत रचावीत, त्यांच्यापुढे जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने कपडे गच्च कोंबून खोक्याला कागद लावावा, आणि या पोत्यांच्या मागे पायवाट, पाणंद, गोठा किंवा शेजाऱ्याचे शेत नाही याची खात्री करावी, कारण चुकलेला छर्रा दोन-तीनशे मीटरपर्यंत सहज जातो. उसात किंवा तुरीत माणूस काम करत असेल तर तो दिसत नाही, हे शहरातल्या पुस्तकांत लिहिलेले नसते. त्या बाजूला पीक उंच असेल तोवर सराव बंद ठेवावा.

राहिला वयाचा प्रश्न. जर्मनीत नेमबाजी क्लबांची परंपरा मोठी आहे, आणि तेथेही क्लबात एअरगन हाताळण्यासाठी सामान्यतः बारा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तीही पालकांच्या संमतीने आणि जबाबदार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. त्याहून लहान मुले छर्ऱ्याऐवजी प्रकाशकिरण सोडणाऱ्या रायफलीवर शिकतात. माझे मत त्याहून थोडे सैल आहे. नऊ वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाच्या शेजारी बसून नेम धरायला माझी हरकत नाही, फक्त ‘थांब’ म्हटल्यावर तो पहिल्याच शब्दाला थांबतो का, हे आधी घरात, बंदुकीशिवाय पाहून घ्यावे. सायकल, पतंग, मोबाइल यांतले काहीही चालू असताना हाक मारून पाहावी. तिसऱ्या हाकेला जो ओ देतो त्याला आणखी एक वर्ष थांबवावे.

म्हणून माझा सल्ला असा आहे. या दसऱ्याला खरेदी करू नये. बीडच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आपल्या भागातील नेमबाजी प्रशिक्षणाची चौकशी करावी, आणि जवळच्या केंद्रावर मुलाला काही महिने तेथील रायफल वापरू द्यावी. त्यानंतरही आवड टिकली तर हलक्या स्प्रिंगची, आठ ज्यूलच्या आतली, साध्या माशीची, आखूड दस्त्याची ४.५ मिलिमीटरची बंदूक घ्यावी, ती आपल्या अंदाजपत्रकात बसते. आजोबांना ती पुढच्या दसऱ्याला पूजेत ठेवायची असेल तर अवश्य ठेवावी, मात्र नातवाची म्हणून नव्हे, घराची म्हणून. पूजेनंतर ती कपाटात जाईल, छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या कपाटात जाईल, आणि दोन्ही किल्ल्या आजोबांच्या करगोट्याला राहतील. आजोबांनाही हे आवडेल असे वाटते.

प्रश्न : मी परभणीची आहे. माझा सात वर्षांचा मुलगा जत्रेतून प्लास्टिकच्या गोळ्यांची बंदूक घेऊन आला. ती खेळण्यातली आहे म्हणून चालेल, असे घरचे म्हणतात. यजमानांना तर त्याला आता खरी छर्ऱ्याची घ्यायची आहे. मला डोळ्यांची भीती वाटते. ती अनाठायी आहे का?

उत्तर : अनाठायी नाही. माणसाच्या कातडीला छर्रा भेदायला बराच वेग लागतो, डोळ्याला त्याच्या निम्मादेखील लागत नाही. प्लास्टिकची सहा मिलिमीटरची गोळी कातडीवर केवळ लाल डाग उमटवते, पण तीच डोळ्यावर बसली तर आत रक्त साचून दृष्टी कायमची अधू होऊ शकते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सेकंदाला ३५० फुटांहून, म्हणजे सुमारे १०७ मीटरहून, अधिक वेगाच्या एअरगन सोळा वर्षांखालील मुलांनी वापरू नयेत असे सांगितले आहे, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्प्रिंगच्या बंदुका त्या वेगाच्या पुढच्याच आहेत.

सातव्या वर्षी खरी बंदूक नको. यजमानांना ही ओळ दाखवावी. जत्रेतली बंदूक काढून घेणे जमत नसेल तर समोर माणूस किंवा जनावर असताना ती उचलायची नाही, एवढा एकच नियम ठेवावा, आणि तो मोडला की बंदूक त्याच दिवशी बंद करावी. खेळण्यावर हा नियम न पाळणारा मुलगा खऱ्या बंदुकीवर पाळणार नाही, त्यामुळे ही परीक्षा आपल्याला फुकट मिळाली आहे. घरात पुढे कधी एअरगन आलीच तर नेम धरणाऱ्याने आणि शेजारी बसणाऱ्यानेही पॉलिकार्बोनेटचा सुरक्षा चष्मा घालावा. रोजच्या नंबरच्या चष्म्यावर विसंबू नये. डोळ्याला मार लागलाच तर डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये, पाणी मारू नये, कागदी पेल्यासारखे काही वरून अलगद धरून थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण आईने जाणून घ्यायला हवी. छर्रे शिशाचे असतात, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसे अगदी थोड्या प्रमाणातही घातक आहे. मुले भराभर भरता यावेत म्हणून छर्रे ओठांत धरतात, मोठी माणसेही धरतात. ही सवय पहिल्या दिवशीच मोडावी. सराव संपला की साबणाने हात धुवावेत, सरावाच्या जागी चिवडा-बिस्किटे नेऊ नयेत, आणि गोळा केलेले चेपलेले छर्रे मुलांच्या खिशात राहू देऊ नयेत.

प्रश्न : भोकरदन तालुक्यात आमची चार एकर मालदांडी ज्वारी आहे. हुरड्यात आली की पोपट आणि भोरड्या थवेच्या थवे उतरतात. बारा वर्षांच्या पुतण्याला एअरगन घेऊन दिली तर राखणही होईल आणि त्याचा नेमही बसेल, असा विचार आहे. रानडुकरांनाही थोडा धाक बसेल.

उत्तर : हा विचार सोडून द्यावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली पोपट संरक्षित आहेत, मोर आणि काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन व कमाल सात वर्षांची कैद आहे. पूर्वी कावळा, उंदीर, घूस, वटवाघूळ अशांची ‘उपद्रवी’ म्हणून वेगळी अनुसूची होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली, आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहे. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणजे तिने पाखरे मारायला परवानगी आहे, असा समज आपल्या भागात सर्रास आढळतो. तो साफ चुकीचा आहे. जखमी करणे, पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हेही कायद्याच्या भाषेत शिकारच ठरते, आणि पुतण्याच्या हातून काही घडले तर विचारणा त्याच्या हातात बंदूक देणाऱ्या काकांकडेही होईल.

रानडुकराला छर्ऱ्याचा धाक बसत नाही. जाड कातडीत छर्रा रुतून बसतो, जखम पिकते, आणि चिडलेले जनावर बांधावरच्या बारा वर्षांच्या मुलाकडे वळले तर त्याच्या हातातली बंदूक पुन्हा भरून होईपर्यंत फार उशीर झालेला असेल. डुकरांनी किंवा रोह्यांनी (नीलगायींनी) नुकसान केले तर लगेच वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करावा, आणि पंचनामा होईपर्यंत पीक तसेच ठेवावे.

पाखरांसाठी गोफण आणि राखणीसाठी पिकात उभारलेला माळा हे आपल्या वाडवडिलांचे उपाय अजून उपयोगी आहेत, कारण राखण आवाजाने होते, मारण्याने होत नाही. एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला चंदेरी असलेली प्लास्टिकची फीत खांबाखांबांतून पीळ देऊन ताणली की ती वाऱ्यावर चमकते आणि घुमते, त्याने थवा काही दिवस बिचकतो. बुजगावण्याची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलावी. भोरड्या मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरत्या येतात, आणि त्या नाकतोडेही फस्त करतात. ज्वारीचा हिशेब मांडताना हेही जमेस धरावे.

नेमाविषयी सांगायचे तर, हलत्या पाखरावर छर्रे उडवणाऱ्या मुलाचा नेम बसत नाही. त्याला घाईने चाप ओढण्याची सवय लागते. पुतण्याला खरोखर शिकवायचे असेल तर पहिल्या उत्तरातील पोत्यांची आड रचून द्यावी आणि दहा मीटरवर कागद लावावा. स्पर्धेच्या कागदावर मधला दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यावर नेम धरताना पोपटाची आठवणही होणार नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, लातूरला सहावीत शिकते. शाळेत नेमबाजी सुरू झाली आहे. ती उजव्या हाताने लिहिते आणि उजव्या खांद्यावर रायफल घेते, पण डावा डोळा मिटल्याशिवाय तिला नेमच दिसत नाही, आणि डोळा मिटला की थोड्या वेळाने दोन्ही डोळे दुखतात. तिच्यासाठी रायफल घ्यायची आहे. नेमबाजी तिला जमणार नाही का?

उत्तर : जमेल, मात्र रायफल घेण्याआधी एक साधी तपासणी करावी. मुलीला दोन्ही हात समोर ताणून तळव्यांच्या मध्ये छोटेसे त्रिकोणी भोक करायला सांगावे, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या भोकातून भिंतीवरचे घड्याळ पाहायला सांगावे. मग हात हळूहळू चेहऱ्याकडे आणू द्यावेत. हात ज्या डोळ्यापाशी येऊन थांबतील तो तिचा प्रभावी डोळा. आपल्या वर्णनावरून तो डावा असावा. हात उजवा आणि डोळा डावा अशी जोडी पुष्कळांची असते, तो आजार नाही.

अकराव्या वर्षी यावर चांगला उपाय म्हणजे रायफल डाव्या खांद्यावर घेणे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे तिला अवघडल्यासारखे वाटेल, नंतर फरक उरत नाही, कारण नेमबाजीत चाप ओढणाऱ्या बोटाला कौशल्यापेक्षा संथपणा लागतो. मोठ्या वयात ही अदलाबदल कठीण जाते. याचा खरेदीवर परिणाम होतो : ज्या दस्त्याला गालासाठी एकाच बाजूला उंचवटा दिला आहे तो दस्ता डाव्या खांद्यावर चालत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी सारखा किंवा गालाचा भाग फिरवता येणारा दस्ता मागावा. रायफलीचे कमाल वजन नियमाप्रमाणे साडेपाच किलो आहे, म्हणून दुकानदार पाच किलोची रायफल ‘स्पर्धेची’ म्हणून दाखवील. तिच्या वयाला चौदा वर्षांखालील गटासाठी त्याच्या जवळपासही वजनाची गरज नाही. शाळेच्या रायफलीवर डाव्या खांद्याने दोन महिने सराव होऊ द्यावा, त्यानंतर माप घ्यावे.

क्रीडाशिक्षक खांदा बदलण्यास तयार नसतील तर दुसरा उपाय आहे. डोळा मिटायचा नाही. एक डोळा घट्ट मिटला की चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि उघड्या डोळ्यावरही ताण येतो, तिचे डोळे दुखतात ते यामुळेच. त्याऐवजी चष्म्याच्या किंवा टोपीच्या कडेला नेम न धरणाऱ्या डोळ्यासमोर दुधी रंगाच्या प्लास्टिकची अरुंद पट्टी लावावी. उजेड दोन्ही डोळ्यांत सारखा जातो, फक्त चित्र एकाच डोळ्याला दिसते. आंतरराष्ट्रीय नियमांत अशी पट्टी तीस मिलिमीटरपर्यंत रुंद चालते. दुधाच्या पिशवीचा पांढरा भाग कापून पहिली पट्टी घरीच करता येईल. काळा पुठ्ठा लावू नये, त्याने झाकलेल्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि तिच्याबरोबर दुसऱ्या डोळ्याचीही, मग माशी अस्पष्ट दिसू लागते. पट्टी लावूनही डोळे दुखत राहिले तर एकदा नंबर तपासून घ्यावा.